गावच्या देण्याघेण्याचा नकाशा : प्रश्नपत्रकाचे रकाने कसे पाडावेत

शेताचे क्षेत्र काढावयास मोजणीची साखळी आहे, मातीचा कस पाहावयास प्रयोगशाळा आहे, पावसाचे मान सांगावयास पर्जन्यमापक आहे. परंतु गावात कोण कोणाच्या आधाराने शेती करतो हे मोजण्याचे साधन कोणते, असे विचारल्यास आपल्यापैकी बहुतेकांस उत्तर सुचणार नाही. प्रत्येक संस्थेच्या दप्तरी सभासदांची यादी असते. तीत नाव, क्षेत्र, भागभांडवल व थकबाकी इतके लिहिलेले असते. त्या यादीवरून कोणाजवळ काय आहे ते कळते. कोणाचे कोणावाचून अडते, ते मात्र कळत नाही.

जयगडसारख्या गावी हेच कळणे अधिक अगत्याचे आहे. शास्त्री नदीच्या मुखाशी वसलेल्या या गावची शेती नुसती शेतात होत नाही. कलमांचा मालक मुंबईस. बाग कराराने घेतलेला बागायतदार शेजारच्या वाडीत. राखणीस व फवारणीस नेपाळहून आलेला गुरखा. हंगामापूर्वी उचल देणारा अडत्या वाशीच्या बाजारात. भाताची लावणी करणाऱ्या बाया काही घरच्या, काही सावडीच्या. आणि घरातील एखादा मुलगा २००९ साली सुरू झालेल्या बंदरात कामास. यांपैकी एक दुवा तुटला की दुसऱ्याचे पीक अडचणीत येते. संस्थेस औषध, कर्ज वा सल्ला योग्य ठिकाणी पोचवावयाचा असेल, तर या दुव्यांचा नकाशा तिच्याजवळ असावयास पाहिजे.

असा नकाशा काढण्याची साधने आता सुलभ झाली आहेत. कोबोटूलबॉक्स, ओडीके यांसारख्या साधनांनी मोबाईलवर प्रश्नपत्रक बांधता येते आणि रेंज नसलेल्या वाडीतही उत्तरे भरून घेता येतात. कुमु, गेफी अशी दुसरी साधने त्या उत्तरांचे चित्र काढून देतात. ही साधने चालविणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते, प्रत्येक प्रश्नापुढे कोणत्या जातीचा रकाना ठेवावयाचा हे ठरविणे. जसा रकाना तसे उत्तर. आणि ज्या नात्यास रकानाच नाही, ते नाते कागदावर नसल्यासारखे होते. प्रस्तुत लेखात आम्ही याच एका गोष्टीचा विचार करणार आहोत.

रकान्याचा पूर्वानुभव

रकान्याची सत्ता किती असते हे रत्नागिरी जिल्ह्यास नव्याने शिकविण्याचे कारण नाही. या जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोती होती. १८८० च्या खोती कायद्याने कुळांच्या जाती ठरविल्या : स्थूलमानाने धारेकरी, कायम कूळ आणि साधे कूळ. कोणत्या कुळाची कोणती जमीन व ते खोतास काय देणे लागते, याची नोंद बोटखत नावाच्या कागदात होई. शेतात नांगर धरणारा मनुष्य तोच. परंतु त्याचे नाव एका जातीखाली पडले तर त्याच्या देण्यास कायद्याची मर्यादा लागे, दुसरीखाली पडले तर ती लागत नसे. कित्येक गावी दप्तरही खोताच्याच हाती असे. म्हणजे नाते दोघांचे, पण ते लिहिणारा एकच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने ती पद्धत गेली. तथापि तिने शिकविलेला धडा अद्याप उपयोगी आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे भवितव्य एका रकान्यात ठरू शकते.

आज आपल्या हाती असलेला सातबाराही रकान्यांचाच खेळ आहे. भोगवटादारास एक रकाना, कुळास एक रकाना, आणि जे कोठेच बसत नाही त्यास ‘इतर अधिकार’ हा रकाना. सोसायटीचा बोजा, वाट-वहिवाट, विहिरीतील हिस्सा, जमीन एकाची आणि तीवरील झाडे दुसऱ्याची अशी कोकणात आढळणारी वहिवाट, हे सर्व त्या एका कोपऱ्यात दाटीने बसते. माणसाने वाचावयास ते पुरते. परंतु तालुक्यात अशी झाडांची वहिवाट किती जणांची आहे, हे मोजावयाचे झाल्यास प्रत्येक उतारा डोळ्यांनी वाचण्यावाचून गत्यंतर नाही. कारण मोकळ्या मजकुराची बेरीज होत नाही.

उलट बाजूचे उदाहरणही पाहावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सर्वत्र सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवर पिकाची नोंद करतो. पिकाचे नाव यादीतून, क्षेत्र अंकांत, पुरावा छायाचित्राने. त्यामुळे बेरीज चटकन होते. मात्र ते पीक कोणाच्या श्रमाने आणि कोणाच्या पैशाने उभे राहिले, हे त्या पाहणीचे प्रयोजन नसल्यामुळे तीत येत नाही. आपणांस हवा आहे तो नेमका हाच भाग.

ठिपका आणि रेघ

नात्यांच्या नकाशात दोनच वस्तू असतात : ठिपका आणि रेघ. ठिपका म्हणजे मनुष्य किंवा घर. रेघ म्हणजे दोघांमधील देणेघेणे. अशी चित्रे काढण्याची रीत जेकब मोरेनो या गृहस्थाने १९३४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने रूढ झाली. प्रश्नपत्रकाचे साधन कोणतेही असो, प्रत्येक प्रश्न लिहिण्यापूर्वी एवढे ठरवून घ्यावे की हा प्रश्न ठिपक्याविषयी आहे की रेघेविषयी.

‘आपली कलमे किती?’ हा प्रश्न ठिपक्याविषयी आहे. त्याचे उत्तर एका मनुष्यापाशी संपते. ‘आपण उचल घेता काय?’ हा प्रश्न वरवर पाहता नात्याविषयी वाटतो. परंतु त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच आल्यास तोही ठिपक्यापाशीच थांबतो. गावात चाळीस जण उचल घेतात हे कळेल. ते चाळीसही एकाच अडत्याचे बांधील आहेत की दहा निरनिराळ्या अडत्यांचे, हे कळणार नाही. प्रश्न ‘उचल कोणाकडून घेता?’ असा करून त्यापुढे नावाचा रकाना ठेवला, तरच रेघ उमटते. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावची पाहणी १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जमीन, उत्पन्न व कर्ज यांचे मोजमाप करणाऱ्या अशा पाहण्यांनी आपल्या देशात मोठे कार्य केले आहे. रेघांचा नकाशा ही त्यांच्यापुढची पायरी होय.

रेघेस दिशा असते, हेही ध्यानात ठेवावे. कर्नाटकातील ७५ खेड्यांत बॅनर्जी, चंद्रशेखर, डुफ्लो व जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी केलेली पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत घरी येणेजाणे, सल्ला, देवळास बरोबर जाणे, रॉकेल-तांदूळ उसने आणणे, पैसे उसने घेणे व देणे अशी डझनभर नाती पृथक्‌पणे विचारली होती. घेणे आणि देणे हे दोन प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवलेले होते. गावाचा अनुभव असणाऱ्यास यातील शहाणपण सांगावयास नको. घेणारा सांगतो व देणारा विसरतो, किंवा देणारा सांगतो व घेणारा लाजतो. दोन्ही बाजूंनी विचारले म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

ठिपका कोणाचा धरावयाचा, हाही प्रश्न आहे. ‘खातेदार’ असा रकाना केला तर उत्तर मुंबईतील मनुष्याचे येईल, आणि वर्षभर शेती पाहणारी त्याची आई वा भावजय चित्रातून नाहीशी होईल. कोकणात तर लावणी-बेणणीचा भार स्त्रियांवरच असतो. याकरिता ठिपका घराचा धरावा आणि त्या घरातील ‘यंदा प्रत्यक्ष शेती कोण पाहते?’ हा वेगळा रकाना ठेवावा. उत्तर त्या व्यक्तीकडूनच घ्यावे, हे उत्तम.

रकान्यांच्या जाती

आता रकान्यांच्या जातींकडे वळू. निरनिराळ्या साधनांत त्यांस निरनिराळी नावे असली तरी मूळ जाती थोड्याच आहेत.

यादीचा रकाना. रेघेच्या दुसऱ्या टोकाचे नाव शक्यतो यादीतून निवडून घ्यावे. नाव हाताने लिहू दिले तर काय होते, हे ज्या वाडीत सर्वांचे आडनाव एकच आहे तेथील रहिवाशांस ठाऊक आहे. एकच मनुष्य कोणाच्या उत्तरात ‘दादा’, कोणाच्या उत्तरात ‘वरच्या घरचा बाळू’ आणि कोणाच्या उत्तरात पूर्ण नावाने येतो. संगणक त्याचे तीन ठिपके करतो. त्याकरिता वाडीवार घरांची यादी आधी करून प्रत्येक घरास एक क्रमांक द्यावा. प्रथम वाडी निवडली म्हणजे पुढच्या रकान्यात त्याच वाडीतील घरे दिसावीत, अशी सोय बहुतेक साधनांत असते. यादीच्या शेवटी ‘गावाबाहेरील’ असा पर्याय ठेवून त्यापुढे मात्र नाव व गाव लिहिण्यास मोकळी जागा द्यावी. कारण वाशीचा अडत्या आणि तवसाळचा औषधविक्रेता आपल्या यादीत असणार नाहीत.

पुनरावर्ती गट. एका घराच्या रेघा किती, हे आपण आधी ठरवू नये. अमेरिकेत १९९४ च्या सुमारास सुरू झालेल्या विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या पाहणीत प्रत्येकास पाच मित्र व पाच मैत्रिणी यांची नावे विचारली होती. मर्यादा घातल्याने काम आवरते. परंतु सहावे नाव कायमचे बुडते. लावणीस बारा घरे सावडीस येत असतील आणि रकाने पाचच असतील, तर श्रीमंत व गरीब, एकटा व गोतावळ्याचा, सर्वांस पाचच रेघा दिसतील. ‘आणखी एक नाव घाला’ असा पुन्हा पुन्हा उघडणारा गट ठेवल्यास ही अडचण राहत नाही. त्या गटात नावाबरोबरच त्या रेघेचे गुण विचारावेत : मजुरीने की सावडीने, किती दिवस.

एकनिवड व बहुनिवड. ज्या प्रश्नाचे उत्तर एकच असू शकते तेथेच एकनिवड ठेवावी. ‘तो आपला कोण?’ या प्रश्नास भाऊबंद, शेजारी, सावकार, गिऱ्हाईक असे पर्याय देऊन एकच निवडावयास सांगितले, तर जो एकाच वेळी भाऊबंदही आहे आणि पैसेही देतो, त्याचे अर्धे नाते गळते. आणि बहुधा लाजेस्तव पैशाचेच गळते. तेथे बहुनिवड हवी. बहुनिवडीत प्रत्येक पर्यायाचा संगणकाकडे स्वतंत्र स्तंभ होतो, त्यामुळे मोजणीस अडचण येत नाही. उलट ‘कलमांची देखभाल यंदा प्रामुख्याने कोणाकडे होती?’ यास एकनिवडच योग्य. कारण तेथे आपणांस जबाबदारीचा एक धनी ओळखावयाचा आहे.

पायऱ्यांचा रकाना. नात्याचा घट्टपणा विचारताना एक ते दहा अंकांची पट्टी किंवा ‘पुष्कळ, बऱ्यापैकी, थोडे’ असे शब्द देण्याचा मोह होतो. दोन्ही टाळावीत. एकाचे ‘पुष्कळ’ ते दुसऱ्याचे ‘थोडे’ असते. पायरी मोजता येण्याजोगी हवी. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ज्यांस ओळखीने नोकरी लागली त्यांस, ती ओळख सांगणाऱ्याची भेट किती वेळा होत असे, हे विचारले होते : आठवड्यातून निदान दोनदा, वर्षातून एकदाहून अधिक परंतु आठवड्यातून दोनदांहून कमी, किंवा वर्षातून एकदा वा त्याहूनही क्वचित. उत्तरे अनुक्रमे १६.७, ५५.६ व २७.८ टक्के अशी आली. म्हणजे वारंवार भेटणाऱ्यांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्यांनीच अधिक जणांस नोकरीची वार्ता दिली. पायऱ्या नेमक्या नसत्या तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

पैशाच्या बाबतीत आमची सूचना अशी की, रक्कम विचारू नये, हिस्सा विचारावा. आणि तो टक्क्यांत न विचारता आण्यांत विचारावा. ‘यंदाच्या हंगामखर्चापैकी किती भाग या मनुष्याकडून आला? चार आण्यांपर्यंत, आठ आण्यांपर्यंत, बारा आण्यांपर्यंत, त्याहून अधिक.’ आणेवारीची सवय असलेल्या आपल्या लोकांस ही पायरी विनासायास कळते, आणि खरी रक्कम सांगण्याचा संकोचही टळतो.

अंकाचा व तारखेचा रकाना. दिवस, झाडे, पेट्या यांस अंकाचा रकाना ठेवावा आणि त्यास वाजवी मर्यादा घालावी, म्हणजे बोट चुकून चारशेचे चार हजार होत नाहीत. शून्य आणि रिकामी जागा यांत भेद आहे. ‘सावडीस कोणी आले नाही’ हे शून्य, ‘विचारलेच नाही’ ही रिकामी जागा. नेमकी तारीख कोणासही आठवत नाही. म्हणून ‘गेल्या बारा महिन्यांत’ न म्हणता ‘गेल्या शिमग्यापासून’ किंवा ‘यंदाच्या मृगापासून’ असे विचारावे.

मोकळा रकाना. हा अगदी थोड्या ठिकाणी ठेवावा. पण मुळीच न ठेवणे हीही चूक होय. प्रत्येक पर्यायमालिकेच्या शेवटी ‘इतर’ आणि त्यापुढे लिहिण्यास जागा असावी. पहिल्या दहा घरांच्या पाहणीत ‘इतर’ खाली एकच गोष्ट तीन-चार वेळा आली, तर ती आपल्या पर्यायांतून सुटली होती असे समजून तिला स्वतंत्र पर्याय करावा. सातबाराच्या ‘इतर अधिकार’ रकान्याचे झाले तसे आपल्या पत्रकाचे होऊ देऊ नये.

सक्तीचा रकाना. उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येऊ नये, अशी सक्ती साधनात लावता येते. ती केवळ घराच्या क्रमांकास लावावी. नात्याच्या प्रश्नास सक्ती केली तर कंटाळलेला मनुष्य हाताला येईल ते नाव निवडतो, आणि खोटी रेघ ही नसलेल्या रेघेपेक्षा वाईट. ‘माहीत नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘सांगावयाचे नाही’ हे तीन पर्याय निरनिराळे ठेवावेत. एखाद्या वाडीत उचलीच्या प्रश्नास बहुतेकांनी ‘सांगावयाचे नाही’ म्हटले, तर तेही एक उत्तरच आहे.

शेवटची गोष्ट ही की, पाहणी सुरू झाल्यावर रकान्याची जात बदलू नये. पहिल्या पन्नास घरांस एकनिवड आणि पुढच्या पन्नासांस बहुनिवड दिली, तर त्या दोन उत्तरांची तुलना होत नाही आणि शंभर घरांचे श्रम वाया जातात.

कुळाचा अवघड प्रश्न

सर्वांत अधिक विचार लागतो तो जमीन कसण्याच्या नात्यास. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी कसणाऱ्यास मालकी मिळवून दिली, हे त्यांचे मोठे श्रेय. परंतु तेव्हापासून ‘कूळ’ हा शब्द उच्चारताच मालक सावध होतो आणि कसणारा गप्प बसतो. जमीन तोंडी बोलीवर दिली-घेतली जाते, कित्येक ठिकाणी ती या भीतीने पडही राहते, आणि कागदावर काहीच नसते. अशा गावी ‘आपण मालक की कूळ?’ असा एकनिवडीचा रकाना ठेवला तर प्रत्येक जण ‘मालक’ म्हणेल, आणि दुसऱ्याची चोंढे खरोखर कसणारी घरे नकाशावरून पुसली जातील.

उपाय असा की नाव विचारू नये, काम विचारावे. ‘या शेताची नांगरणी यंदा कोणी केली? बियाणे कोणाचे होते? भात कोणाच्या घरी गेले? त्याचे वाटे झाले काय?’ अशा चार साध्या प्रश्नांस यादीचे रकाने ठेवले म्हणजे नाते आपोआप स्पष्ट होते आणि कोणाच्याही माथी हक्काचा शब्द मारला जात नाही. हक्क ठरविणे हे महसूल खात्याचे काम. आपणांस पाहिजे ते एवढेच की बियाणे आणि सल्ला मालकाच्या मुंबईच्या पत्त्यावर न जाता नांगर धरणाऱ्याच्या दारी जावा.

आंब्याच्या बागेस हाच नियम लावावा. बाग एका हंगामाच्या कराराने घेणाऱ्याचे हित त्या वर्षीच्या फळात असते, तर मालकाचे हित झाडाच्या आयुष्यात. कल्टारसारखे वाढ रोखून मोहोर आणणारे संजीवक घालावे की नाही व किती घालावे, हा निर्णय कोणी घेतला, यावर झाडाचे पुढचे दिवस अवलंबून असतात. ‘कल्टार घालता काय?’ या ठिपक्याच्या प्रश्नातून यातील काहीच कळत नाही. ‘घालण्याचे कोणी ठरविले आणि मात्रा कोणी सांगितली?’ हे रेघेचे प्रश्न आहेत. दापोलीच्या कृषि विद्यापीठाची शिफारस प्रत्यक्ष मात्रा सांगणाऱ्या मनुष्यापर्यंत पोचविणे, हे त्यानंतरच शक्य होते.

नमुन्याचे प्रश्नपत्रक

वरील विवेचनास धरून जयगड व आसपासच्या वाड्यांस उपयोगी पडेल असे एक लहान पत्रक आम्ही सुचवितो. एका घरास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये, या बेताने प्रश्न थोडेच ठेवले आहेत.

१. घराचा क्रमांक. यादीचा रकाना, सक्तीचा.

२. यंदा प्रत्यक्ष शेती कोण पाहते? एकनिवड : घरातील स्त्री, घरातील पुरुष, दोघे मिळून, मुंबईहून येऊन-जाऊन, दुसरे घर, इतर.

३. भाताच्या लावणीस कोणाकोणाच्या घरून माणसे आली? पुनरावर्ती गट, नाव यादीतून, दिवस अंकांत, प्रकार बहुनिवडीने : मजुरी, सावड, नात्याखातर. सावडीस कोठे इर्जिक, कोठे पैरा म्हणतात. वाडीत चालणारा शब्द पत्रकात घालावा.

४. आपल्या घरून लावणीस कोणाकडे गेलात? वरीलप्रमाणेच.

५. कलमांची देखभाल यंदा प्रामुख्याने कोणाकडे होती? एकनिवड. कराराने असल्यासच पुढील प्रश्न उघडावा : कोणाकडे आणि किती हंगामांकरिता?

६. कल्टार घातले असल्यास ते घालण्याचे कोणी ठरविले, आणि मात्रा कोणी सांगितली? दोन रकाने, दोन्ही यादीचे.

७. हंगामाच्या खर्चास हातभार कोणाचा? पुनरावर्ती गट, हिस्सा आण्यांत. ‘सांगावयाचे नाही’ हा पर्याय ठळक असावा.

८. फळ कोणाकडे गेले? पुनरावर्ती गट, हिस्सा आण्यांत.

९. तुडतुडा, भुरी वा करपा दिसल्यास त्यावरील नव्या औषधाची वार्ता आपणांस प्रथम कोणाकडून लागते? आणि कोणाच्या शब्दावर विसंबून आपण ते मारता? दोन स्वतंत्र रकाने.

१०. सर्व वाडीस एखादी गोष्ट लवकर कळवावयाची असेल तर ती कोणास सांगावी? यादीतून एक किंवा दोन नावे.

११. आणखी काही सांगावयाचे असल्यास. मोकळा रकाना.

सातवा व आठवा प्रश्न शेजारी ठेवण्याचे कारण स्पष्ट आहे. ज्याची उचल त्यासच माल, अशा दुहेरी रेघेने बांधलेली घरे त्यातून दिसतात. संस्थेचे हंगामी कर्ज कोणास सर्वप्रथम द्यावे, याचा विचार तेथून सुरू व्हावा.

नवव्या प्रश्नाचे दोन भाग करण्यास आधार आहे. अमेरिकेतील आयोवा प्रांतात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला याची रायन व ग्रॉस यांनी केलेली पाहणी १९४३ साली प्रसिद्ध झाली. २५९ शेतकऱ्यांच्या त्या पाहणीत असे आढळले की नव्या बियाण्याची वार्ता सर्वांत अधिक जणांस विक्रेत्याकडून लागली; परंतु ते पेरण्याचा निश्चय झाला तो प्रामुख्याने शेजाऱ्याच्या अनुभवावरून. एकच प्रश्न विचारला असता तर विक्रेत्यास शेजाऱ्याचे श्रेय मिळाले असते. दहाव्या प्रश्नाचेही असेच. वार्ता कोणाच्या तोंडून पसरते हे गावकऱ्यांस स्वतःलाच उत्तम ठाऊक असते, असे कर्नाटकातील पाहणीकारांच्या पुढील संशोधनात दिसून आले. संस्थेस सर्व नकाशा काढण्याइतके बळ नसेल तर तिने निदान हा एक प्रश्न तरी सर्वांस विचारावा.

खबरदारी

नात्यांचा नकाशा ही धारदार वस्तू आहे. उत्तर देणारा स्वतःविषयीच बोलत नाही. तो दुसऱ्याचे नाव घेतो, आणि त्या दुसऱ्याची संमती आपण घेतलेली नसते. सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा अमलात असता, कोणी कोणास पैसे देतो अशी नावानिशी यादी बाहेर फुटली तर देणारा अडचणीत येईल; आणि पुढच्या वर्षी घेणाऱ्यास दार बंद होईल, हे त्याहून वाईट. तोंडी बोलीवर शेत कसणाऱ्याचे नाव मालकाच्या कानी गेले तर त्याचे शेतच जाईल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही संमतीवाचून अशी माहिती घेण्यास मुभा देत नाही.

सबब पुढील नियम पाळावेत. पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी ही माहिती कशास हवी, ती कोण पाहील आणि किती दिवस ठेवली जाईल हे घरमालकिणीस व घरमालकास समजावून संमती घ्यावी. क्रमांक व नावे जुळविणारी यादी उत्तरांपासून वेगळी, एकाच जबाबदार मनुष्याजवळ ठेवावी आणि काम संपताच नष्ट करावी. घराचे स्थान टिपणारा व छायाचित्राचा रकाना साधनात तयार मिळतो, म्हणून घालू नये. नात्याच्या पाहणीत त्याचे काम नाही. सभेत नकाशा मांडताना कर्जाच्या व कसण्याच्या रेघा कधीही नावानिशी दाखवू नयेत. वाडीवार बेरजा दाखवाव्यात. आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांस बेरजा प्रथम दाखवाव्यात. खोताच्या दप्तरात कुळास डोकावता येत नसे. आपल्या दप्तराची कीर्ती तशी होऊ नये.

पाहणीस काळही पाहावा लागतो. लावणीच्या घाईत किंवा आंबा उतरविण्याच्या दिवसांत कोणास फुरसत नसते. मुंबईकर मंडळी गणपतीस गावी येतात; मालकांस विचारावयाचे प्रश्न तेव्हा उरकावेत, आणि घरी राहणाऱ्यांस विचारावयाचे प्रश्न भात घरात आल्यावर व मोहोराची फवारणी सुरू होण्यापूर्वी. तत्पूर्वी एका वाडीतील दहा घरांत पत्रक चालवून पाहावे. ज्या प्रश्नास मनुष्य थबकला, ज्यास उलट प्रश्न विचारला, ज्यास हसला, त्या प्रश्नावर खूण करावी आणि त्याचा रकाना पुन्हा पाडावा. हे दहा घरांचे काम दोन माणसांनी दोन दिवसांत होण्याजोगे आहे. ज्या वाडीतील सभासदांस ते हाती घ्यावयाचे असेल, त्यांनी आधी घरांची क्रमवार यादी करून ठेवावी. बाकीचे सर्व तिच्यावर उभे राहते.